सम दिवसांचा तारा

बाबांच्या रात्री तारा फिका यायला लागला, तेव्हा मुंगीनं आधी ढगांना शिव्या घातल्या. मग धुळीला. मग यंत्राला. बाबांचं नाव मनात यायला तिला बराच वेळ लागला, आणि आलं तेव्हा ती खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बसवेनाच तिला.

मुंगी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे बरं का. चांगली पस्तिशीची बाई, ताऱ्यांवर डॉक्टरेट केलेली, टेकडीवरच्या वेधशाळेत नोकरीला. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून बाबांनी ते नाव ठेवलं आणि ते जे चिकटलं ते चिकटलंच. बाबांची सगळी नोकरी त्याच वेधशाळेत निरीक्षक म्हणून झाली. निवृत्त झाले, निरोपाची भाषणं झाली, सगळ्यांचे डोळे ओले झाले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वारी पुन्हा टेकडी चढून हजर. संचालक त्यांचेच जुने विद्यार्थी. किल्ली मागायची कोणाची टाप होती? तेव्हापासून लहान घुमटातली दुर्बीण बापलेकीत वाटून घेतलेली. आणि दोघांचा मिळून एकच तारा.

एकच म्हणायचं आपलं. दिसायला ठिपका एक, पण आहेत दोन, आणि एकमेकांना इतके खेटून की मधे श्वास घ्यायला जागा नाही. चंद्र समुद्राला ओढतो आणि भरती येते, हे आपल्याला ठाऊक असतं. इथे समुद्र वेगळा नाहीच, अख्ख्या ताऱ्यालाच भरती येते. जोडीदाराच्या ओढीनं तो लांबट होतो, लिंबासारखा. लिंबू हातात धरून फिरवून बघा. आडवं धरलं की मोठं दिसतं, टोकाकडून बघितलं की लहान. ताऱ्याचंही तसंच. टोक आपल्याकडे आलं की तो मंद होतो, कूस आली की उजळतो. हे मंद होणं आणि उजळणं मोजायचं, एवढंच त्या घुमटातलं काम. यंत्र जुनं. दुर्बिणीतून आलेला उजेड मोजून ते एक आकडा दाखवायचं, तो बघायचा आणि संगणकात टाइप करायचा. शेजारी एक साधा, न बदलणारा तारा आहे, त्याच्याशी ताडून पाहायचं. संपलं.

पाळ्या कशा लावायच्या, हे बाबांनी ठरवलेलं. आकाश बघणाऱ्या लोकांची दिवस मोजायची एक तऱ्हा असते. महिने नाहीत, वर्षं नाहीत, शेकडो वर्षांपासून एकापुढे एक असे दिवसच मोजत आलेत, आणि त्यांचा दिवस सुरू होतो भर दुपारी, म्हणजे ऐन कामात तारीख बदलायची कटकट नको. बाबा म्हणाले, "सम आकड्याचा दिवस माझा, विषम तुझा. ढग आले तर आले, ज्याची पाळी बुडाली त्याची बुडाली. भांडण नको." मुंगीला ते भारी आवडलं होतं. त्या आवडीपायी पुढे काय वाढून ठेवलंय, याची दोघांनाही कल्पना नव्हती.

तर सगळा हंगाम असा गेला. तारा रोज दिवेलागणीनंतर थोड्या वेळानं मंद व्हायचा आणि पुन्हा उजळायचा. मुंगीच्या दिवशी तो जेवढा मंद व्हायचा, बाबांच्या दिवशी त्याहून जास्त. फार नाही, थोडासाच. पण दरवेळी.

आता दुसऱ्या कोणाच्या बापाबद्दल असं झालं असतं, तर मुंगीनं शांतपणे विचार केला असता. पण बाबांच्या थोरल्या भावाचं, काकांचं, काय झालं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. काका शाळेत गणित शिकवायचे. आधी बेरजा चुकायला लागल्या. मग घराचा जिना चुकायला लागला. शेवटी शेवटी काकूला म्हणायचे, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" आणि काकू म्हणायची, "तुमच्याचकडे आले, बसू का?" ती हसून म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडायची, म्हणजे आवाज बाहेर जायला नको. ती काकू आता मुंगी आणि बाबांबरोबरच राहत होती. एके दिवशी सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी काल मला माझ्याच सासूच्या नावानं हाक मारली."

"चुकून मारली असेल."

"चुकूनच मारतात गं सुरुवातीला."

झालं. एकदा डोळ्यांवर भीतीचा चष्मा चढला की काय काय दिसायला लागतं, विचारू नका. बाबांनी गॅस चालू ठेवला. बाबा खोलीत आले आणि कशाला आलो म्हणून उभे राहिले. बाबांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. अहो, हे सगळं तुम्हीआम्हीही करतो! पण मुंगी मनातल्या मनात एकेक खूण जमा करत चालली होती आणि रोज संध्याकाळी तिच्यासमोर तो तारा होताच, बाबांच्या दिवशी फिका.

डॉक्टरांकडे ती त्यांना डोळे तपासायच्या निमित्तानं घेऊन गेली. डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. बाबांनी घड्याळ काढलं, चार शब्द सांगितले. पाचवा शब्द ते शोधत राहिले, छताकडे बघत. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं ठीक आहे, ताकदीच्या गोळ्या देतो, लक्ष ठेवा. लक्ष ठेवा! एवढं एक वाक्य पुरलं तिला पंधरवडाभर न झोपायला.

घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "डोळ्यांचे डॉक्टर घड्याळ काढायला लावतात होय?"

इकडे कामाचं भलतंच चाललं होतं. बाबांचे आकडे चुकीचे धरले तर ते सुधारून घ्यायला हवेत. मुंगीनं ते सगळे सारख्याच मापानं वर उचलले, आपल्या आकड्यांच्या रेषेत आणून बसवले. संगणकावर त्या रकान्याला काहीतरी नाव द्यायचं म्हणून लिहिलं, "बाबा-दुरुस्ती". आता दोघांचे ठिपके एका ओळीत आले. आणि त्या सरळ ओळीतून निघालं असं की तारा रोज सारखाच मंद होतो, म्हणजे त्या जोडीचं एकमेकांभोवती फिरणं भराभर चाललंय आणि एक पूर्ण फेरी एका दिवसात होते. पण मोठ्या दुर्बिणीवर तिला एकदाच वेळ मिळाला होता, त्यात ताऱ्याचा स्वतःभोवती फिरायचा वेग मोजला होता, आणि त्यावरून...

थांबा, हे नीट सांगायला हवं. फेरीत टोक दोनदा आपल्याकडे येतं, एकदा या बाजूचं, एकदा त्या बाजूचं. म्हणजे दोनदा मंद होणं म्हणजे एक फेरी. रोज एकदा मंद होतो तर फेरी दोन दिवसांची असायला हवी, हे कोणीही सांगेल. पण ते कधी? दोन्ही टोकं वेगवेगळी ओळखता आली तर, आणि इथे तर रोज सारखंच दिसत होतं. मुंगीला वाटलं, दिवसाउजेडी आपल्याला तारा दिसत नाही, म्हणजे दुसरं टोक दिवसा येऊन जात असणार. ती म्हणाली, फेरी एक दिवसाची. आणि स्वतःभोवतीची गिरकी निघाली दोन दिवसांची. म्हणजे जोडीदाराला खेटून असूनही हा तारा स्वतःच्या मर्जीनं, सावकाश फिरतोय. भरतीला न जुमानता! असं कोणी पाहिलं नव्हतं. संचालक खुर्चीतून उठून म्हणाले, "मुंगी, हा शोध आहे." तेसुद्धा तिला मुंगीच म्हणायचे.

बाबांनी ऐकलं आणि मान हलवली. "अशक्य."

"आकडे सांगतायत, बाबा."

"आकडे काहीही सांगतील. इतक्या जवळ राहून कोणाला आपल्या चालीनं फिरता येत नाही. भरती ओढून ओढून त्याला वळणावर आणते. एकच बाजू जोडीदाराकडे करून राहावं लागतं मुकाट्यानं. हा तारा काय राजा लागून गेला?"

पूर्वी ती त्यांच्याशी तासभर भांडली असती. आता तिनं फक्त "बरं" म्हटलं, आजारी माणसाला म्हणतात तसं. काका असेच हट्टी झाले होते, हे तिला आठवलं. बाबांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

त्यानंतर एक नवल घडलं. बाबांचे आकडे सुधारले. एकाएकी, तिच्या आकड्यांशी तंतोतंत जुळणारे. मुंगीला आधी खरंच वाटेना. मग तिनं काकूला मिठी मारली. "गोळ्या लागू पडल्या गं!" काकू म्हणाली, "पडोत बाई," पण हसली नाही. "झोपत नाहीत ते अलीकडे. आत दिवा असतो." मुंगीनं ते कानाआड केलं.

पण भीती गेली का? छे. एकदा घर करून बसलेली भीती अशी भाडं थकल्यासारखी निघून जात नाही. उलट तिला वाटायला लागलं, हे चार दिवसांचं चांदणं असेल तर? शोधनिबंध पाठवायचा होता, त्यावर बाबांचंही नाव होतं. उद्या कोणी विचारलं तर? एके दुपारी ती संचालकांच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. फिके आकडे, काका, डॉक्टर, सगळं. संचालकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दादांना, तुझ्या बाबांना, मी काय सांगू? मला दुर्बीण धरायला त्यांनी शिकवलं." मग म्हणाले, "या शुक्रवारी दुपारी दोघंही या. त्यांना रात्रीच्या कामातून मोकळं करू. मानानं करू." मुंगी बाहेर आली आणि जिन्यात बसून राहिली. बापाची चुगली केल्यासारखं वाटत होतं तिला, आणि तशीच ती होतीही.

शुक्रवारच्या आधी मधेच तिची अक्कलदाढ ठणकायला लागली. दाढ काढायची वेळ मिळाली ती नेमकी विषम दिवशी, तिच्या पाळीच्या. बाबा म्हणाले, "अदलाबदल करू. उद्या तू माझ्या दिवशी जा, परवा मी तुझ्या." सगळ्या हंगामात पाळी बदलली ती हीच एकदा.

सम दिवशी मुंगी घुमटात गेली. बाहेर अजून संधिप्रकाश होता, आत लोखंडाचा आणि तेलाचा ओळखीचा वास. तारा नेहमीच्या वेळी मंद व्हायला लागला. मंद होत होत नेहमीच्या आकड्याला आला आणि थांबला नाही. आणखी खाली गेला. तिनं आकडा पाहिला. डोळे चोळून पुन्हा पाहिला.

फिका. बाबांचे यायचे तस्साच. तेवढाच.

शेजारचा साधा तारा तिनं पुन्हा मोजला, तो जिथल्या तिथे. भिंग पुसलेलं होतं. आकाश स्वच्छ होतं. मग चुकतंय ते कोण? आधी काकांचं, मग बाबांचं आणि आता तिचंही तेच? पस्तिशीत? तिनं भराभर स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. आजचा वार. शाळेतल्या बाकावर शेजारी बसणारीचं नाव. सतराचा पाढा. पाढा मधेच अडला आणि तिच्या तोंडून "अगं आई गं" निघालं, रिकाम्या घुमटात ते केवढ्यानं ऐकू आलं. सतराचा पाढा तिला शाळेतही येत नव्हता, हे तिला त्या क्षणी आठवायला नको का!

तिनं आकडा आहे तसा टाइप केला. घरी गेली, कोणाशी बोलली नाही, पांघरूण डोक्यावर घेऊन पडली.

दुसऱ्या दिवशी दाढ निघाली. गाल सुजून आंब्याएवढा झाला. संध्याकाळी बाबा विषम दिवसाला टेकडी चढून गेले. आणि शुक्रवारी सकाळी, तोंडात बोळा धरून, तिनं बाबांचा आकडा उघडला.

मंद व्हायच्या वेळीही तारा उजळ होता. नेहमीपेक्षाही उजळ. तिच्या स्वतःच्या आकड्यांहूनही वर. कित्येक महिन्यांत कोणालाही न दिसलेला उजेड बाबांना एका संध्याकाळी दिसला होता. किती वर? तिनं मोजलं. बाबांचे जुने आकडे जेवढे खाली असायचे, बरोबर तेवढाच हा वर.

आता नीट ऐका, कारण मुंगीला हे कळायला चहा निवेपर्यंत वेळ लागला. सम दिवशी तिला तारा फिका दिसला. म्हणजे फिका बाबांमुळे नव्हता, दिवसामुळे होता. सम दिवशी ताऱ्याचं एक टोक आपल्याकडे येतं, विषम दिवशी दुसरं. फेरी दोन दिवसांची, गिरकीही दोन दिवसांचीच. आणि जोडीदाराकडचं टोक जास्त ताणलेलं, म्हणून जरा थंड, म्हणून जरा फिकं. तारा भरतीला अगदी आज्ञाधारकपणे बांधलेला होता. बाबा म्हणाले होते ते शंभर टक्के खरं. आणि तिनं काय केलं होतं? दोन टोकांमधला फरक दिसत होता, तो बापाच्या डोक्यातला बिघाड समजून पुसून टाकला होता. अगं शहाणे, विसरणारा माणूस कधी जास्त चुकतो, कधी कमी. रोज तेवढंच चुकणारा माणूस कुठे पाहिलास? पण घाबरलेल्या माणसाला एवढं साधं सुचत नाही.

बाबा ठणठणीत आहेत! ती उठलीच खुर्चीतून. आणि तशीच पुन्हा बसली.

कारण मग गेल्या काही आठवड्यांत सम दिवशी बाबांचे आकडे तिच्याशी जुळत कसे होते? ते तर फिके यायला हवे होते. आणि काल, विषम दिवशी, एवढा जास्तीचा उजेड आला कुठून?

बाबा आकडे उचलत होते. आकडा बघायचे, त्यात ठरलेली भर घालायचे आणि मग लिहायचे. काल सवयीनं तीच भर घातली, पण काल गरज नव्हती. उभ्या हयातीत ज्या माणसानं एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, ज्यानं तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं की दिसेल ते लिही, आवडेल ते नको, तो माणूस. आणि का, हे तिला विचारावं लागलं नाही. "बाबा-दुरुस्ती". तो रकाना त्यांनी तिच्या पडद्यावर कधीतरी पाहिला होता. किती उचलायचं, हे तिनंच त्यांना दाखवलं होतं.

बाबा गॅलरीत बसले होते. रात्रभर जागलेल्या माणसाचा चेहरा. ती समोर उभी राहिली, गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी, बोलताना शब्द धड फुटेना.

"बाबा, तारा खरंच फिका असतो. सम दिवशी. मला दिसला."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "तुला दिसला?"

"तुमचे आधीचे सगळे आकडे बरोबर होते."

बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मुंगीनं बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. ती खाली बसली आणि त्यांचे गुडघे धरून तीही रडायला लागली. काकू दारात आली, दोघांकडे पाहिलं आणि काही न विचारता आत गेली.

"मला वाटलं, सुरू झालं," बाबा म्हणाले. "दादाचं, तुझ्या काकांचं, झालं तसं. समोर आकडा दिसतोय, पाच पाच वेळा बघतोय, शेजारचा तारा बघतोय, सगळं बरोबर, आणि तरी तुझ्या रेषेत बसत नाही. दादालाही बेरीज बरोबरच दिसायची गं."

"मग मला बोलायचंत ना!"

"तुला बोलू? तू मला घड्याळ काढायला घेऊन गेलीस."

तिची मान खाली गेली.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आज साहेबांकडे जायचंय. ते तुम्हाला कामातून मोकळं करणार आहेत. मी... मीच सांगितलं होतं त्यांना." हे बोलताना तिला वाटलं, आता बाबा आपल्याला हाकलून देतील तर बरं. "पण आता काही प्रश्नच नाही. मी सांगते यंत्र बिघडलं होतं. मधले आकडे काढून टाकते. कोणाला कळणार नाही."

"आणि ते आकडे मी का उचलले, हे?"

"ते कशाला सांगायचं? तो नियम तुमचाच आहे, बाबा. आकड्याला हात लावेल त्यानं दुर्बिणीला हात लावायचा नाही. ते तुम्हाला ठेवूच शकणार नाहीत. आणि लोक म्हणतील, अजून कुठे कुठे हात मारला असेल यानं. एवढ्या वर्षांचं काम तुमचं!"

बाबा उठले आणि दाढी करायला गेले.

दुपारी संचालकांच्या खोलीत पाण्याचे तीन पेले मांडलेले होते. संचालक उभे राहिले, खुर्ची पुढे केली, घसा खाकरला. मानानं करायचं म्हणजे कसं करायचं, ते त्यांना बिचाऱ्यांना सुचत नव्हतं. "दादा, बसा ना. तब्येत कशी आहे? म्हणजे, थोडं बोलायचं होतं. वयानुसार जरा थकवा..."

मुंगीनं तोंड उघडलं. "साहेब, ते यंत्र..."

"मुंगी, गप्प बस," बाबा म्हणाले. आणि मग ताठ बसून, वर्गात शिकवल्यासारखं, सगळं सांगून टाकलं. फेरी दोन दिवसांची आहे. सम दिवशी एक टोक, विषम दिवशी दुसरं. तारा पूर्णपणे बांधलेला आहे. शोधबिध काही नाही. "आणि मधले माझे आकडे खोटे आहेत. मी उचललेत. रोज तेवढेच, हिशोबानं. पूर्ण शुद्धीवर."

संचालकांचा चेहरा पांढरा पडला. "दादा, तुम्हाला कदाचित नीट आठवत नसेल..."

"सगळं आठवतं!" बाबा जवळजवळ ओरडलेच. त्यांच्या गालांवर लाली चढली होती. "कोणत्या दिवशी किती उचललं, एकेक सांगतो, लिहून घे. काल विषम दिवस होता तरी उचलला, ती माझी सवयीची चूक, तीही सांगतो. हे वेड्या माणसाचं काम वाटतं तुला? मला खोटारडा म्हण. बाहेर पाटी लाव. पण डोकं गेलं म्हणून मला मानानं घालवू नकोस."

संचालकांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. शेवटी हळूच म्हणाले, "मग मला नियमानं वागावं लागेल, दादा."

"वाग की. मी तुला तेच शिकवलंय."

किल्ली त्यांनी स्वतःच टेबलावर ठेवली. संचालकांनी ती लगेच उचलली नाही, आणि ते दोघं बाहेर पडेपर्यंत ती तशीच पडून होती.

उतारावर मुंगीनं बाबांचा हात धरला. त्यांच्याकडे बघायचं धाडस तिला होत नव्हतं. वाटलं होतं ते खचतील, पण ते भराभरा चालत होते, कोणी ओझं उतरवल्यासारखे, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. या माणसाला खोटं ठरणं बरं वाटावं इतकी भीती तिनं त्याला घातली होती.

"बाबा, तुम्ही मला एवढं घाबरत होतात?"

"हो," बाबा म्हणाले. "अजून घाबरतो."

तिला चालवेना. ती थांबली.

"तसं नव्हे गं. आज नाही झालं, म्हणजे कधीच होणार नाही असं थोडंच आहे? तो पाचवा शब्द मला अजून आठवत नाही. कोणता होता?"

"खुर्ची."

"खुर्ची," त्यांनी मान डोलवली. "बघ. आणि ते खरंच सुरू झालं ना, तर मला नाही कळणार. दादाला कुठे कळलं? आधी तुलाच कळेल. म्हणून घाबरतो." त्यांनी तिचा हात घट्ट दाबला. "त्या दिवशी मला सांगशील? घड्याळबिड्याळ नको. काही उचलून, सावरून नको. दिसेल तसं."

"सांगेन, बाबा."

ते समाधानानं पुढे चालायला लागले. मुंगी त्यांच्या मागून निघाली, आणि तिची नजर आपोआप त्यांच्या पावलांवर गेली, ती सरळ पडतायत का ते बघायला.